एकाच खांबापासून

चेन्नईच्या तापमानाच्या बातमीत आकडे नेहमी दोन असतात. एक नुंगंबाक्कमचा, दुसरा मीनंबाक्कमचा. शहर तेच, दिवस तोच, तरी उन्हाळ्यात मीनंबाक्कमचा पारा पुष्कळदा अंश-दीड अंश वर असतो. नुंगंबाक्कम समुद्राला जवळ, दुपारचा खारा वारा तिथे आधी पोचतो. मीनंबाक्कमची वेधशाळा विमानतळाजवळ, बरीच आत. चेन्नईकर या दोन आकड्यांवरून वाद घालत नाहीत. काल नुंगंबाक्कमला किती होतं आणि आज नुंगंबाक्कमला किती आहे, एवढं ते बघतात.

आपला विषय वयात येणाऱ्या मुलांच्या, त्यातही मुलींच्या, पाठीच्या कण्याचा आहे. पण कणा किती वाकला हे मोजायची गोष्ट मला नुंगंबाक्कमपासूनच सांगायची आहे, कारण कोन मोजणं म्हणजे काय हे या पेठेला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. कॉलेज रोडवरच्या हवामान केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक जाडजूड खांब आहे. 1792 साली इथे मद्रास वेधशाळा उभी राहिली, तेव्हा ताऱ्यांचे वेध घेणारं उपकरण हलू नये म्हणून तो रोवला. 1802 मध्ये विल्यम लँबटनने सेंट थॉमस माउंटजवळ साखळीने जमीन मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायचं काम सुरू झालं. त्या सगळ्या त्रिकोणांची गाठ मारली होती ती या खांबाजवळच्या एका बिंदूला.

आता गंमत बघा. सुरुवातीच्या मोजणीत या वेधशाळेचा रेखांश 80 अंश 17 मिनिटे 21 सेकंद धरला होता. पुढे साधनं सुधारली, तेव्हा खरा आकडा 80 अंश 14 मिनिटे 54 सेकंदांच्या आसपास निघाला. जवळजवळ अडीच मिनिटांची चूक, म्हणजे जमिनीवर साडेचार किलोमीटरच्या जवळपास. एवढी चूक पोटात घेऊनही त्या नकाशांनी काम दिलं. ग्रिनिचपासूनचं अंतर चुकलं होतं, पण हिंदुस्थानातली गावं एकमेकांपासून जिथल्या तिथे होती, कारण सगळी एकाच खांबापासून मोजलेली होती.

हा खांब मनात ठेवून आता एका घरात जाऊ.

समजा, नोकरीनिमित्त पुण्याहून आलेलं एक कुटुंब नुंगंबाक्कममध्ये राहतं. मुलगी बारा वर्षांची, वर्षभरात भराभर उंच झालेली, भरतनाट्यम शिकणारी. पोंगलला तिला रेशमी पावडै नेसवताना आईच्या लक्षात येतं की परकराचा काठ डावीकडे जमिनीला टेकतोय आणि उजवीकडे बोटभर वर आहे. शिंप्याची चूक असेल म्हणून ती पट्टा सारखा करते, पण काठ काही सरळ होत नाही. मग वेणी घालताना दिसतं की उजवा फरा डाव्यापेक्षा जास्त बाहेर आलाय. "अगं, नीट उभी राहा ना!" मुलगी म्हणते, "नीटच उभी आहे, आई."

तिचं म्हणणं खरं असतं. हा बाक पोक काढून बसल्याने आलेला नसतो, दप्तराच्या ओझ्याने नसतो, नाचानेही नसतो. आयांनी स्वतःला दोष देण्याचं यात काहीही कारण नाही, हे मला अगदी ठासून सांगायचं आहे. वाढीच्या वयात दर शंभरातल्या दोन-तीन मुलांचा कणा दहा अंशांहून जास्त वाकतो आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. या प्रकाराला स्कोलिओसिस म्हणतात. सौम्य बाक मुलामुलींत जवळपास सारख्याच प्रमाणात असतो; तीस अंशांच्या वरचे बाक मात्र मुलींमध्ये मुलांच्या साधारण दहापट. आणि हा बाक नुसता कडेला नसतो. कणा कडेला झुकतो, पुढून-मागूनचा नैसर्गिक गोलावा बदलतो आणि मणके स्वतःभोवती पिळले जातात. भागवतातल्या कुब्जेचं एक नाव त्रिवक्रा, तीन ठिकाणी वाकलेली. पिळाबरोबर बरगड्याही फिरतात आणि एका बाजूने उचलल्या जातात. आईला फरा म्हणून जे दिसलं, त्याच्या खाली हा पीळ होता.

तो पाहायची सगळ्यात साधी रीत 1865 मध्ये लंडनच्या विल्यम ॲडम्सने लिहून ठेवली. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून मुलीला कमरेतून पुढे वाकायला सांगायचं आणि मागे बसून पाठीच्या पातळीला डोळा लावून बघायचं. गवंडी भिंतीच्या कडेला डोळा लावतो ना, तसं. एक बाजू टेकडीसारखी वर दिसली तर पीळ आहे. ॲडम्सला हे सुचायला एका मोठ्या माणसाच्या दुर्दैवाचा हातभार लागला. इग्वानोडॉन या डायनोसॉरचा शोध लावणारा गिडियन मँटेल आयुष्याच्या शेवटी कण्याच्या दुखण्याने हैराण होता. 1852 मध्ये तो गेल्यावर त्याचा कणा तपासला गेला, तेव्हा त्यात मोठा वळसा निघाला. दगडातली हाडं वाचणाऱ्या माणसाचं स्वतःचं हाड जिवंतपणी कुणाला वाचता आलं नव्हतं.

त्या टेकडीवर आडवं ठेवायचं एक छोटं साधन असतं, स्कोलिओमीटर. सुताराच्या पाणसळीसारखंच: वाकड्या नळीत एक गोळी, खाली अंशांच्या खुणा. हल्ली फोनमधली ॲपही हे काम करतात. सात अंश किंवा जास्त आले तर एक्स-रे काढावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण हे सात अंश पाठीच्या पिळाचे. कण्याच्या बाकाचा आकडा वेगळा, आणि घरोघरी घोळ इथूनच सुरू होतो. शाळेतल्या शिबिरात "सात" सांगितलं, एक्स-रेवर "बावीस" आले, आणि घरच्यांना वाटतं की आठवड्यात बाक तिप्पट झाला.

बाकाचा कोन ज्या रीतीने काढतात तिला न्यूयॉर्कच्या जॉन रॉबर्ट कॉब यांचं नाव आहे. त्यांनी ती 1948 मध्ये मांडली. आता पडद्यावर माऊसने रेघा ओढतात, पण ती समजून घ्यायला जुनी फिल्मच बरी. फिल्म लाइटबॉक्सवर लावायची. कणा मानेपासून कमरेपर्यंत दिसतो, एकावर एक ठेवलेल्या चौकोनी वड्यांसारखा. वळणाच्या वरच्या अंगाला जो मणका सगळ्यात जास्त कललेला असेल तो शोधायचा आणि त्याच्या वरच्या कडेला टेकून पेन्सिलीने रेघ ओढायची. खालच्या अंगाला तसाच सगळ्यात कललेला मणका शोधून त्याच्या खालच्या कडेला दुसरी रेघ. या दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉब कोन. बाक लहान असेल तर रेघा फिल्मच्या बाहेर कुठेतरी दूर भेटतात. मग शाळेतली भूमिती कामाला येते: गुण्या लावून दोन्ही रेघांना लंब काढायचे, लंब फिल्मवरच एकमेकांना छेदतात, आणि लंबांमधला कोन मूळ रेघांमधल्या कोनाइतकाच असतो.

इतकी साधी रीत, म्हणूनच ती पाऊणशे वर्षं टिकली. दहा अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. वाढ बाकी असलेल्या मुलीचा बाक पंचवीसच्या पुढे गेला की ब्रेसचा, म्हणजे धडाला घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या साच्याचा विचार होतो. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे शस्त्रक्रियेचा. पन्नासच्या वरचा छातीतला बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण एक अंश वाढत राहू शकतो, म्हणून त्या उंबरठ्याला एवढं महत्त्व.

पण हाताने रेघ ओढणारा माणूसच असतो. सगळ्यात कललेला मणका कोणता, सातवा की आठवा? मणक्याची कड धूसर आहे, तर रेघ नेमकी कुठून? एकाच डॉक्टरने तीच फिल्म काही दिवसांनी पुन्हा मोजली तरी तीन ते पाच अंशांचा फरक पडतो. दोन वेगळ्या डॉक्टरांनी मोजली, तर सहा-सातपर्यंत. संगणकाने हा फरक कमी होतो, संपत नाही. शिवाय कणा काही खांबासारखा ग्रॅनाइटचा नाही. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभरात दबतात. सकाळी काढलेल्या एक्स-रेपेक्षा संध्याकाळच्या एक्स-रेत तोच बाक सरासरी पाच अंशांनी जास्त दिसल्याचं 1993 मध्ये नोंदलं गेलं आहे.

"गेल्या वेळी बावीस होता, आता सव्वीस. वाढला का हो डॉक्टर?" हा प्रश्न विचारणाऱ्या आईच्या आवाजातली धास्ती खरी असते. पण पहिला एक्स-रे सकाळी एका ठिकाणी आणि दुसरा संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी काढला असेल, मोजणारे हात वेगळे असतील, तर त्या चार अंशांवरून काहीच म्हणता येत नाही. म्हणूनच पाच-सहा अंशांच्या वरचा फरक दिसेपर्यंत वाढ झाली असं सहसा मानत नाहीत. दोन्ही फिल्म शेजारी लावून, एकाच माणसाने, तेच दोन मणके धरून पुन्हा मोजाव्यात, अशी विनंती करायला आईवडिलांनी मुळीच संकोचू नये. पाच मिनिटांचं काम असतं, आणि त्यातून कित्येक रात्रींची झोप परत मिळते.

एक्स-रे काढताना मुलगी भिंतीसारख्या सपाट यंत्रासमोर अनवाणी उभी राहते. बोटं गळ्याच्या हाडांवर टेकवलेली, म्हणजे दंड कण्यावर येत नाहीत आणि तोलही ढळत नाही. केस वर बांधलेले, साखळी काढलेली. "श्वास धर." आणि इथे एक गोष्ट नीट बघायला हवी: किरण पाठीकडून येतात की छातीकडून.

या साध्या प्रश्नामागे हजारो बायकांची कहाणी आहे. अमेरिकेत 1912 ते 1965 या काळात स्कोलिओसिसचे उपचार घेतलेल्या 5,573 स्त्रियांचा पाठपुरावा करून 2000 साली निष्कर्ष छापले गेले. एकेकीचे सरासरी पंचवीस एक्स-रे निघाले होते. त्या काळची यंत्रं जास्त किरण सोडणारी, आणि पुष्कळदा किरण समोरून येत. वाढत्या वयातल्या कोवळ्या स्तनांवर ते पडत राहिले. या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतर स्त्रियांच्या तुलनेत जवळपास सत्तर टक्क्यांनी जास्त निघाले. बाक मोजता मोजता मोजणाऱ्यांनी नकळत केवढी किंमत वसूल केली! आजची यंत्रं त्याच्या कितीतरी कमी किरणांत काम करतात, आणि पाठीकडून किरण सोडले की छातीपर्यंत पोचेतो त्यांचा बराचसा भाग शरीरात जिरलेला असतो. एका एक्स-रेला घाबरून तो टाळू नये. तेही तितकंच घातक. पण ज्या मुलीला दर चार-सहा महिन्यांनी वर्षानुवर्षं यायचं आहे, तिच्या प्रत्येक एक्स-रेला कारण असलं पाहिजे.

किरण कमी करायच्या खटपटीतून आलेलं सगळ्यात देखणं यंत्र म्हणजे ईओएस. त्याची मुळं अणुकणांचे माग काढणाऱ्या प्रयोगशाळेत आहेत. जॉर्ज शारपाक या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने तारांच्या जाळीचा, वायूने भरलेला एक शोधक बनवला, त्याबद्दल त्याला 1992 चं नोबेल मिळालं. अगदी क्षीण किरणही टिपणारी ती युक्ती पुढे रुग्णालयात आली. या यंत्रात मुलगी एका उंच चौकटीत उभी राहते. दोन पातळ किरणपट्टे, एक पाठीकडून आणि एक कुशीकडून, एकाच वेळी वरून खाली सरकतात. काही सेकंदांत पाठीचं आणि कुशीचं अशी दोन चित्रं मिळतात, मापात खरी, आणि नेहमीच्या एक्स-रेच्या कितीतरी कमी किरणांत. एकाच क्षणाची दोन अंगं हाताशी असल्याने संगणक त्यातून कण्याचा त्रिमितीय आकारही उभा करतो. कॉब कोन अखेर सावलीचा कोन आहे; कागदाची सुरळी पिळून भिंतीवर तिची सावली पाडली तर पीळ सावलीत दिसत नाही. ईओएसमध्ये तो पीळ मोजता येतो. यंत्र महागडं असल्याने सगळीकडे नाही, आणि चांगला एक्स-रे असेल तर उपचाराचा निर्णय त्याच्यावाचून अडत नाही.

एमआरआयबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. किरण नाहीत, चित्र सुंदर, मग दर वेळी एमआरआयच का नको? कारण मुलगी त्यात आडवी असते. आडवं झालं की धडाचं वजन कण्यावरून उतरतं आणि बाक थोडा उलगडतो. उभ्या एक्स-रेच्या तुलनेत सरासरी नऊ-दहा अंश. उभ्याने तीस आणि एमआरआयमध्ये एकवीस, म्हणजे बाक कमी झाला असं कुणी घरी जाऊन सांगितलं, तर ते मीनंबाक्कमच्या पाऱ्यातून नुंगंबाक्कमचा पारा वजा करण्यासारखं आहे. एमआरआयचं खरं काम वेगळं. बाक फार लहान वयात आला, वळण नेहमीच्या उलट म्हणजे छातीत डावीकडे असलं, पाय अशक्त वाटले, फार दुखत असलं, तर मज्जारज्जूत पोकळी आहे का, मेंदूचा खालचा भाग मानेत उतरला आहे का, हे बघायला तो लागतो. सीटी स्कॅनही आडव्यानेच, आणि त्यात किरण भरपूर. शस्त्रक्रियेत स्क्रू कुठून घालायचा हे ठरवायला तो बरा. नाहीतर मेलेल्यांसाठी. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या पार्किंगखाली 2012 मध्ये सापडलेल्या राजा तिसऱ्या रिचर्डचा कणा सीटीने पुन्हा जुळवला, तेव्हा त्याचा कोन 65 ते 85 अंशांच्या दरम्यान निघाला. पाचशे वर्षं मातीत पडलेल्या हाडांनाही वीस अंशांची मोकळीक द्यावी लागली.

सोनोग्राफीकडे मी मोठ्या आशेने बघतो. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात उभ्याने पाठीवरून फिरवायची सोनोग्राफी विकसित झाली, कॅनडातही या दिशेने काम झालं आहे. किरण शून्य, त्यामुळे दर महिन्याला बघता येतं. अडचण एवढीच की ध्वनिलहरी हाडाच्या आरपार जात नाहीत. मणक्याचा पुढचा चौकोन, ज्याच्या कडेने कॉब रेघ ओढतात, तो दिसत नाही. दिसतात पाठीकडची टोकं. आणि मणका पिळला की त्याचं पाठीकडचं टोक वळणाच्या आतल्या बाजूला सरकतं. म्हणून टोकांच्या रांगेवरून काढलेला कोन कॉबपेक्षा सहसा कमी येतो. सोनोग्राफी चुकीची नाही, तिचा खांब निराळा आहे. तिच्या मागच्या आकड्याशी तिचाच पुढचा आकडा ताडावा. पाठीवर प्रकाशाचे पट्टे पाडून आकार वाचण्याच्या रीतींनाही हेच लागू. जपानच्या ताकासाकींनी 1970 मध्ये दाखवलेल्या मोआरे पट्ट्यांपासून ही वाट निघाली. पाठ किती वाकडी दिसते हे त्या उत्तम सांगतात, आणि दिसणं मुलीच्या दृष्टीने क्षुल्लक नसतं. पण ब्रेस किंवा शस्त्रक्रिया त्यावरून ठरवू नये.

कोन कितीही नेमका आला तरी तो एकटा पुरत नाही. मुलीची वाढ किती बाकी आहे, हे त्याच्याइतकंच मोलाचं. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला वाढीची एक कोर उमटते, तिच्यावरून 0 ते 5 असे रिसर टप्पे मोजतात. अमेरिकेत 727 मुलांवर झालेल्या आणि 1984 मध्ये छापलेल्या अभ्यासात 20 ते 29 अंशांचा बाक असलेल्या, 0-1 टप्प्यातल्या शंभरांपैकी 68 जणांचा बाक वाढला. तेवढाच बाक पण टप्पा 2 ते 4 असेल तर 23 जणांचा. पंचवीस अंश म्हणजे काळजी की दिलासा, हे वय आणि हाड मिळून सांगतात.

ब्रेसबद्दल बोलताना मला तंजावर आठवतं. सरफोजी राजांच्या काळात, 1808 मध्ये, लँबटनचा कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट तिथल्या मोठ्या देवळावर चढवताना दोर सुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. ज्या वर्तुळावर अंश कोरलेले तेच वाकलं. लँबटन सहा आठवडे तंबूत बसला. सपाट फळीवर बरोब्बर मापाचं वर्तुळ कोरलं आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून, लाकडी हातोडीने हलके ठोकत पितळ पुन्हा गोल केलं. मुलीचं हाड पितळ नाही. ब्रेस कणा सरळ करत नाही, वाढ संपेपर्यंत बाक अडवून धरतो. 2013 मध्ये छापलेल्या एका मोठ्या चाचणीत ब्रेस घातलेल्या शंभरांपैकी 72 मुलांचा बाक पन्नासच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 जणांचा. आणि जी मुलं रोज तेरा-एक तास किंवा जास्त ब्रेस घालत होती, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांची शस्त्रक्रिया टळली. चेन्नईच्या दमट उकाड्यात तेरा तास प्लास्टिकमध्ये राहणं म्हणजे काय, हे बाहेरून सांगणाऱ्याने जपून सांगावं. आत रोज धुतलेला सुती बनियन, घामोळ्यांवर लक्ष, आणि नाचाच्या वर्गासाठी ब्रेसला सुट्टी. ती सुट्टी डॉक्टरही बहुधा आनंदाने देतात. उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे हे मुलीला एकदा जरूर सांगावं.

आणि घरात एक फाइल ठेवावी. प्रत्येक फिल्म किंवा सीडीबरोबर आईने स्वतःच्या अक्षरात लिहावं: तारीख, वेळ, उभ्याने की आडव्याने, किरण कुठून, ब्रेस काढून किती तास झाले होते, कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत मोजलं. रुग्णालयातल्या कागदावर यातलं अर्धं नसतं. नुंगंबाक्कमच्या खांबाजवळ एक पाटी आहे. तिच्यावर अक्षांश-रेखांश आहेतच, पण लँबटनच्या मोजणीचा मूळ बिंदू या खांबाच्या मध्यापासून सहा फूट दक्षिणेला आणि एक फूट पश्चिमेला होता, हेही कोरलेलं आहे.